पुनवेच्या दुपारी खाडीच्या तोंडाशी जाऊ नका

पौर्णिमेचा वीकेंड धरून शिडाची होडी घेऊन रेवदंड्याला जायचं, संध्याकाळी खाडीत नांगर टाकायचा आणि रात्रभर चांदण्यात बसायचं, असा प्लॅन तुमच्या डोक्यात असेल तर आधी हे वाचा. दसऱ्यानंतर होड्या पाण्यात उतरल्यापासून मला तीन जणांनी तोच प्रश्न विचारलाय, की आतून जायचं की बाहेरून, आणि तिघांच्याही बोलण्यात एक गोष्ट धरूनच चाललेली होती की आत म्हणजे सेफ आणि बाहेर म्हणजे रिस्क. मीही बरीच वर्षं तेच धरून चालत होतो.

आधी आपल्याकडे आत म्हणजे काय ते बघू. धरमतर, रेवदंडा, राजापुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, खाड्यांची कमी नाही, पण किनाऱ्याला समांतर जाऊन पुढच्या खाडीला मिळणारी यातली एकही नाही, सगळ्या सह्याद्रीकडून येऊन समुद्राला मिळतात. म्हणजे ज्या तोंडातून आत शिरलात त्याच तोंडातून परत बाहेर यायचं. एका खाडीतून आतल्या आत पुढच्या खाडीत जाऊ असं होत नाही, त्यामुळे मुंबईहून दक्षिणेला जायचं तर प्रवास बाहेरूनच आहे, प्रश्न फक्त इतकाच की किनाऱ्यापासून किती लांब राहायचं आणि रात्र काढायला खाडीत शिरायचं की नाही.

माझा एक कॉलेजचा मित्र अमेरिकेत व्हर्जिनियाला असतो, त्याच्याकडे नॉरफोकपासून खाली फ्लोरिडापर्यंत खाड्या, नद्या आणि कालवे जोडून केलेला आतला मार्ग आहे, इंट्राकोस्टल वॉटरवे म्हणतात, त्याचा शून्य मैल नॉरफोकलाच. तिथे हा खरा चॉइस आहे, कारण बाहेरून गेलं की केप हॅटरस लागतो आणि तिथे इतकी जहाजं बुडालीत की त्या भागाला अटलांटिकचं कब्रस्तान म्हणतात, त्यामुळे कितीतरी लोक तेवढा तुकडा आतून काढतात. पण गंमत पुढे आहे. तोच मित्र जॉर्जिया आलं की बाहेर पडतो. का, तर तिथे भरती-ओहोटीचा फरक सात-आठ फुटांचा, चॅनल गाळाने भरलेला, आणि वळणं इतकी की अंतर वाढतच जातं. शिवाय या मार्गावरचे बहुतेक न उघडणारे पूल ६५ फूट उंचीचे, म्हणजे उंच डोलकाठी असेल तर निर्णय आधीच झालेला. हे त्याने सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की आत-बाहेर हा धाडसाचा प्रश्नच नाहीये, पाणी किती, कधी, आणि डोक्यावर काय, याचा आहे. आणि जॉर्जियाचे सात-आठ फूट ऐकून घाबरायचं तर आपल्या मुंबईत उधाणाला चार मीटरच्या वर फरक पडतो, तो तेरा फुटांच्या पुढे जातो!

मुंबईत आतून जाण्याचा एकच रस्ता नकाशावर दिसतो, साष्टीला, म्हणजे मुंबईची उपनगरं ज्या बेटावर आहेत त्याला, वळसा. गेटवेवरून घारापुरी डावीकडे... नाही, उजवीकडे ठेवून ठाण्याच्या खाडीत शिरायचं, वाशी, ऐरोली, ठाणे, मग उल्हास नदी, घोडबंदर आणि वसईच्या खाडीतून बाहेर. कल्याण-ठाणे-मुंबई, वसईची खाडी आणि उल्हास नदी मिळून राष्ट्रीय जलमार्ग ५३ आहे, २०१६ च्या कायद्यात तसा जाहीर झालाय. मला हा वळसा फार दिवस करायचा होता, चार्ट पसरून बसायचो. पण शिडाच्या होडीला ते जमत नाही. वाशी, ऐरोली, कळवा, एकामागोमाग पूल, रेल्वेचे पूल, आणि ठाण्याजवळ खाडी इतकी अरुंद आणि उथळ होते की साडेचार फुटांची कील, म्हणजे होडीच्या तळाचा खाली गेलेला कणा, घेऊन तिथे शिरणं म्हणजे ओहोटीला फ्लेमिंगोंच्या शेजारी चिखलात बसणं. हा रस्ता सपाट तळाच्या होड्यांचा आहे, पूर्वीही त्यांचाच होता. उत्तरेला वसईकडे जायचं तर कुलाब्याच्या टोकाच्या प्राँग्स दीपगृहाला वळसा घालून बाहेरून.

आता रेवदंड्याचं सांगतो, कारण मी जे काही शिकलो ते तिथेच.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही तिघं मित्राच्या २६ फुटी होडीतून राजापुरीच्या खाडीतल्या दिघीला निघालो होतो. पौर्णिमा होती, मुद्दाम निवडलेली. पहाटे चारला ओहोटी आणि मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा, वारा दोन्ही धरून बाहेर पडलो, सातच्या आत खांदेरीचं बेट मागे टाकलं, सगळं इतकं छान चाललं होतं की दिघी उजेडात गाठू असंच वाटत होतं. मग नऊनंतर वारा पडला. या दिवसांत तो पडतोच, मतलई थांबतो आणि समुद्रावरून येणारा खारा वारा सुरू व्हायला एक वाजतो, मधले चार तास शिडं नुसती लटकलेली. इंजिन होतं पण पेट्रोल राखून ठेवायचं ठरलं होतं. दुपारी वायव्येचा वारा आला तो चढतच गेला, तीनपर्यंत १५-१६ नॉट असेल, लाटांवर पांढरा फेस, एकाला उलट्या सुरू झाल्या आणि तेव्हा आम्ही ठरवलं की दिघी राहू दे, समोर रेवदंडा दिसतोय, कोर्लईचा डोंगर दिसतोय, आत शिरू आणि शांत बसू. जमीन दिसली की माणसाला धीर येतो. होडीला येत नाही.

बाराच्या सुमारास भरती भरून गेली होती, म्हणजे आम्ही तोंडाशी पोचलो तेव्हा ओहोटी ऐन जोरात. आतून पाणी बाहेर येतंय, बाहेरून वारा लाटा आत ढकलतोय, आणि दोघं भेटतात ते बरोबर तोंडाशी जिथे वाळू वर आलेली असते. लाटा उभ्या राहत होत्या, लांबट नाहीत, आखूड आणि भिंतीसारख्या. डेप्थ साउंडर चार मीटर, तीन, दोन, मग पुन्हा तीन, आणि एका लाटेच्या खोलगटात होडी खाली गेली आणि कील वाळूवर आपटली. तो आवाज मी विसरलेलो नाही, तो कानाने नाही, दातांत ऐकू येतो. परत एकदा. तिसऱ्यांदा आपटली तेव्हा सुकाणूवर मी होतो आणि मी ओरडलो की बाहेर चला. मोठं शीड उतरवलं, इंजिन लावलं, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यात धरली आणि त्याच ओहोटीने आम्हाला बाहेर काढलं. वीस मिनिटं असतील, हात थरथरत होते.

बाहेर दहा मीटरच्या पुढे पाणी मिळालं तशा लाटा लांब झाल्या. वारा तोच, पण होडी सुटी सुटी चालायला लागली. शीड अर्धं करून आम्ही किनाऱ्यापासून चार-पाच मैल लांब राहिलो, आळीपाळीने दोघं जागे एक झोपलेला, नऊला वारा पडला, समुद्र तेलासारखा झाला, आणि दोनच्या सुमारास जमिनीवरून मतलई सुटला तेव्हा हळूहळू दक्षिणेला सरकत सकाळी दहाला भरतीबरोबर राजापुरीच्या खाडीत शिरलो. एक लाट नाही. ज्या बाहेरला घाबरून आम्ही रेवदंड्यात शिरत होतो तिथेच रात्र सुरक्षित गेली, हे मला पचवायला वेळ लागला.

धक्क्यावर एक म्हातारे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे कप्तान, जाळं विणत बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "काल पुनव ना? मग तीन वाजता तोंडाशी कशाला गेलात?"

हा प्रश्न मी घरी येऊन कागदावर सोडवला. कोळ्यांचा जुना हिशोब असा की तिथीच्या पाऊणपट तास, म्हणजे तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस भागिले चार, सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावस्येला साधारण अकरा-बारा, दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, निघताना टाइड टेबल बघायचंच, पण प्लॅन ठरवायला हा हिशोब पुरतो. आता यावर खारा वारा ठेवून बघा. तो रोज दुपारी एक ते सहा. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला रोजचा सगळ्यात जोराचा वारा आणि पंधरवड्यातली सगळ्यात जोराची ओहोटी एकाच वेळी, समोरासमोर. आणि अष्टमीला? बाराला ओहोटी संपलेली, दुपारभर भरती, तीही भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट, हळू, आणि वारा आणि पाणी दोन्ही एकाच दिशेने आत चाललेलं. त्याच खाडीचं तोंड, तीच वेळ, तोच वारा, पण आठ दिवसांनी होडी तरंगत आत जाते. आम्ही चांदण्यासाठी नेमकी उलटी तिथी निवडली होती, आणि अजूनही निम्मे लोक तीच निवडतात.

वाळूवर बसण्याचंही तसंच. चढत्या पाण्यात बसलात तर थांबा, सुटाल. उधाणाच्या ऐन भरतीला बसलात तर पुढची प्रत्येक भरती आधीपेक्षा कमी येत जाते आणि होडी पुढच्या उधाणापर्यंत तिथेच राहू शकते, दोन आठवडे. भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सगळ्यात भराभर चढतं, उधाणाला तासाला मीटरभर, म्हणून मी आता आत शिरतो ते नेहमी याच दोन तासांत, पूर्ण भरतीची वाट बघत नाही.

खांदेरीपाशी हाच प्रश्न छोट्या रूपात येतो. बेट आणि थळच्या मधून गेलं तर अंतर वाचतं, पण मध्ये उंदेरी आणि खडक. इथे मला दर वेळी १६७९ आठवतं. मायनाक भंडारींनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला गराडा घातला, पण मराठ्यांच्या लहान होड्या रात्री किनाऱ्यावरून उथळ पाण्यातून बेटावर रसद पोचवायच्या आणि इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना तिथे मागे येताच यायचं नाही. ऑक्टोबरच्या लढाईत तर त्यांची डव्ह नावाची गुराब मराठ्यांनी पकडली. आतला रस्ता मराठ्यांना मिळाला कारण तळ उथळ होता आणि खडक न् खडक पाठ होता. आमच्याकडे दोन्ही नाही. मी खांदेरी बाहेरून जातो, तास गेला तरी जातो.

बाहेर सगळं सोपं आहे असं कृपया समजू नका. मुंबई बंदराचं आणि जेएनपीएचं, म्हणजे न्हावाशेवा बंदराचं, चॅनल ओलांडताना, आपण शिडाने चाललोय म्हणून जहाज बाजूला होईल ही अपेक्षा सोडायची, अरुंद चॅनलमध्ये मोठ्या जहाजाला अडवायचं नाही असा नियमच आहे आणि ते जहाज वळूही शकत नाही. रात्री ट्रॉलर, जाळ्यांचे बोये, त्यातले निम्मे विनादिव्याचे. तिघांपेक्षा कमी माणसं असतील तर रात्र बाहेर काढायचा प्लॅन मी करत नाही, झोप न मिळालेला माणूस चुका करतो आणि त्या पहाटे करतो. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर चालू, कोस्ट गार्डचा १५५४ प्रत्येकाच्या फोनमध्ये, आणि लाइफ जॅकेट अंगावर, बाकाखाली नाही.

आत जायचंच असेल, नवीन माणसं किंवा पोरं बरोबर असतील, तर धरमतर चांगली. तोंड बंदराच्या आडोशाला आहे, बाहेरच्या लाटा तिथे थेट येत नाहीत, आणि बार्जेस भरतीबरोबर ये-जा करतात त्यावरून पाणी कुठे आहे तेही कळतं. फक्त त्यांच्या वाटेत नांगर टाकू नका आणि ओहोटीला किती पाणी उरेल ते आधीच मोजा.

डिसेंबरातली अष्टमी मी बघून ठेवलीय. सकाळी सव्वासहाला भरती फिरताच गेटवेवरून निघायचं, मतलई आणि ओहोटी धरून खांदेरीच्या बाहेरून, नऊ ते एक वारा पडणार हे धरूनच डबे घ्यायचे, आणि साडेचारला रेवदंड्याच्या तोंडाशी. एक जागा रिकामी आहे. चंद्र अर्धाच असेल.