घोटा पुढून अडतो की मागून ओढतो?

पुण्यात फुटबॉलसाठी एसएसपीएमएसचं मैदान असो की डोबरवाडीचं, हाफटाइमला साइडलाइनवर एक दृश्य हमखास दिसतं. घोटा आखडलेला खेळाडू पाय पसरून बसलेला असतो आणि दुसरा कोणीतरी त्याचा चवडा धरून नडगीकडे दाबत असतो. "ताण बसतोय का?" "बसतोय." कुठे बसतोय, हे मात्र कोणी विचारत नाही.

ताण पोटरीत जाणवला तर स्नायू आखडलाय, स्ट्रेचिंगने काम होईल. पण बुटाची लेस बांधतो तिथे, घोट्याच्या पुढच्या बाजूला, चिमटा बसल्यासारखं वाटत असेल तर अडथळा सांध्यात आहे. नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला असलेलं फिब्युला यांच्या कोंदणात टॅलस नावाचं हाड बसलेलं असतं. पाऊल वर येताना ते मागे सरकावं लागतं. घोटा मुरगळल्यानंतर बऱ्याचदा हे सरकणं कमी होतं. अशा वेळी चवडा दाबला की हाडांच्या पुढच्या कडा एकमेकींवर आदळतात आणि मधलं आवरण चेंगरतं. महिनाभर पोटरी ताणूनही फरक पडत नाही, तो यामुळे.

कच्ची चाचणी घरीच होते. उकिडवं बसा, टाचा टेकलेल्या ठेवा. एकच टाच उचलली जात असेल तर त्या घोट्याकडे बघायला हवं. पक्की चाचणी भिंतीपाशी. जमिनीवर भिंतीला काटकोनात चिकटपट्टी लावायची. टाचेचा मध्य आणि पायाचं दुसरं बोट तिच्यावर ठेवून गुडघा भिंतीला टेकवायचा. टाच न उचलता गुडघा टेकतो तिथपर्यंत पाऊल मागे घेत जायचं आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. साधारण 10 सेंटिमीटर मिळालं तर बरं. त्याहून महत्त्वाचा दोन पायांतला फरक. तो 2 सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल तर दखल घ्यावी. एक सेंटिमीटर म्हणजे घोट्याच्या वाकण्यात ढोबळमानाने साडेतीन अंश. इथे चोरी सहज होते: तळव्याची कमान आत कोसळते, पाऊल बाहेर वळतं आणि आकडा उगाच वाढतो. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेतच जायला हवा.

सांध्यातला हा अडथळा फिजिओ हाताने टॅलस मागे सरकवून कमी करतो. हात लावण्याआधी मात्र फ्रॅक्चर नाही याची खात्री हवी. ताज्या दुखापतीत घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये मागच्या कडेला किंवा टोकावर, पावलाच्या आतल्या कडेच्या नॅव्हिक्युलर नावाच्या हाडावर किंवा करंगळीमागच्या हाडाच्या बुडाशी दाबल्यावर दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर आधी एक्स-रे. शाळकरी खेळाडूंमध्ये फिब्युलाच्या वाढीच्या पट्टीलाच (हाड जिथून वाढतं त्या भागाला) इजा झालेली असू शकते, म्हणून तिथे 'मुरगळलाय, होईल बरा' असं म्हणायची घाई नको. आणि घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांना जोडणाऱ्या लिगामेंटला मार असेल तर गुडघा पुढे नेणारे सगळे प्रकार बंद. टॅलस पुढून रुंद असतो. पाऊल वर आलं की तो पाचरीसारखा घुसतो आणि ती दोन हाडं आणखी फाकवतो.

सांधा दुखराही असेल तर सुरुवात झोपवून करावी. खेळाडू उताणा, टाच टेबलाच्या कडेबाहेर. एका हाताने नडगीचा खालचा भाग टेबलावर पक्का धरायचा. दुसऱ्या हाताची अंगठा-तर्जनीमधली बेचकी टॅलसवर, म्हणजे घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या किंचित खाली, बसवायची आणि सरळ जमिनीकडे दाब द्यायचा. सेकंदाला साधारण एक, असे अर्धा ते एक मिनिट, दोन-तीन फेऱ्या. दुखणं जास्त असेल तर हलके झोके. आखडलेपणाच मुख्य असेल तर सरकण्याच्या शेवटापर्यंत.

खरी कमाई उभ्याने होते. न्यूझीलंडचे फिजिओ ब्रायन मुलिगन यांची ही पद्धत: फिजिओने सरकवायचं आणि त्याच वेळी खेळाडूने हालचाल करायची. पाऊल टेबलावर किंवा भक्कम स्टुलावर. पट्टा खेळाडूच्या नडगीच्या मागून, टाचेच्या थोडा वर, टाचेच्या नसेवरून (अकिलीस टेंडन), आणि फिजिओच्या कमरेमागून. मध्ये टॉवेलची घडी घालायचीच, नाहीतर नसेवर वळ उठतो. फिजिओने बेचकीने टॅलस मागे रोखून धरायचा, कमरेने पट्टा ओढून नडगी पुढे आणायची, आणि खेळाडूने गुडघा पुढे न्यायचा. 10 वेळा, दोन-तीन सेट. परत मूळ जागी येईपर्यंत दाब सोडायचा नाही.

गडबड दोन ठिकाणी होते. हात वर सरकून नडगीवर बसतो, मग पट्टा आणि हात एकाच हाडावर भांडत राहतात. दुसरं, नडगी झुकली तरी पट्ट्याची दिशा तीच राहते. पट्टा नडगीशी काटकोनात हवा, म्हणून फिजिओनेही गुडघ्यात वाकायला हवं. हालचाल पूर्णपणे न दुखता झाली पाहिजे. दुखलं तर दिशा थोडी बदलून बघायची, तरीही दुखलं तर थांबायचं. 'थोडं सहन कर' हे इथे चालत नाही. 'कट्' आवाज आला म्हणजे हाड बसलं, हाही गैरसमजच.

लगेच पुन्हा भिंतीपाशी मोजायचं. आकडा हलला नाही तर तीच गोष्ट दहादा करण्यात अर्थ नाही. फुटबॉलपटूंमध्ये पुढच्या कडेवर हाडाचा काटा वाढलेला असू शकतो. लिव्हरपूलचे हाडांचे सर्जन मॅकमरी यांच्या 1950 साली छापून आलेल्या लेखात त्याला 'फुटबॉलर्स अँकल' हेच नाव आहे. हाताने तो काटा झिजत नाही, अशांना ऑर्थोपेडिककडे पाठवावं.

आकडा हलला तर ती जागा टिकवायला हवी, कारण नुसत्या हाताने मिळालेलं बरंचसं दुसऱ्या दिवशी आटून जातं. त्याच सत्रात पायरीच्या कडेवर टाच पूर्ण खाली सोडून सावकाश वर, 12 चे तीन सेट, एकदा गुडघा सरळ आणि एकदा वाकवून. मग एका पायावर तोल आणि छोट्या उड्या. घरी जाड रबर बँड गेटला बांधून तेच सरकवणं करता येतं, पण बँड घोट्याच्या उंचवट्यांच्या खाली, मागे ओढणारा हवा. बहुतेकांचा तो नडगीवर चढलेला असतो, म्हणजे नडगी मागे आणि टॅलस जिथल्या तिथे, बरोबर उलटं.

मॅचच्या दिवशी नवीन काही करू नये. आधी जमलेली पट्ट्याची एक-दोन सेट चालतील. त्यानंतर टेप लावायची तर पाऊल काटकोनात धरून लावा. पाऊल खाली लोंबतं ठेवून टेप गुंडाळली, की मिळवलेले सेंटिमीटर बूट घालायच्या आतच परत जातात.