चौथ्या आणि पाचव्या रचनेमधले सहा सेकंद

मास्टरिंग, म्हणजे अल्बम प्रसिद्ध होण्याआधी त्याच्या ध्वनीवर फिरणारा शेवटचा हात, म्हणजे फक्त आवाज मोठा करणे, असा समज संगीतक्षेत्रातल्या लोकांमध्येही पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात माझा बहुतेक वेळ अल्बममधल्या रचना एकमेकींच्या शेजारी नीट नांदतील हे पाहण्यात जातो, आणि त्या दिवशी हाती आलेल्या गिटारच्या अल्बममध्ये तेच सर्वांत अवघड होते. वादक एकच, रचना नऊ. पण नायलॉनच्या तारांवरचा फ्लामेंको, काचेच्या नळीने वाजवलेला स्लाइड ब्लूज, बोसा नोव्हा, जॅझ त्रयी, रागाच्या आलापीवर बेतलेली एक संथ रचना आणि डिस्टॉर्शन लावलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा रॉक, असा त्यांचा पसारा होता.

पहिला प्रश्न पातळीचा. डिस्टॉर्शन स्वराची शिखरे कापूनच टाकते, त्यामुळे तिची सरासरी पातळी चढी असते. फ्लामेंकोतल्या रास्गेआदोचे, म्हणजे नखांनी झपाट्याने उलगडलेल्या आघातांचे, शिखर उंच आणि सरासरी खाली असते. मापकावर दोन्ही रचना एकाच आकड्याला आणल्या, तर खुर्चीवर एकटी बसून वाजवणारी व्यक्ती अख्ख्या रॉक बँडएवढी मोठी ऐकू येते. म्हणून मी आकडा बाजूला ठेवून कानाने ठरवले आणि नायलॉनची रचना आवाजाच्या मोठेपणाच्या चार एककांनी खाली ठेवली. स्पॉटिफाय साधारण उणे 14 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) हे लक्ष्य धरते आणि अल्बम क्रमाने ऐकला तर रचनांमधला हा फरक जपतेही; पण शफलवर ऐकणाऱ्यासाठी प्रत्येक रचना स्वतंत्रपणे समतल केली जाते आणि माझे ते चार एकक नाहीसे होतात. रॉकच्या रचनेवर तर मिक्स करणाऱ्याने, म्हणजे वाद्यांचे सुटे आवाज एकत्र जुळवणाऱ्याने, आधीच लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीवरची शिखरे दाबून टाकणारे उपकरण, दाबून बसवला होता. असे करणारे लोक पुढच्या माणसाकडून जे हिरावून घेतात, ते कोणत्याही उपकरणाने परत आणता येत नाही. मी लिमिटरविना फाइल मागवली, ती दुपारी आली आणि ड्रमचे आघात पुन्हा श्वास घेऊ लागले.

खरी अडचण त्यानंतर सापडली. चौथी रचना, तो फ्लामेंको, खालच्या डी स्वरावर संपत होती आणि तो स्वर बराच वेळ विरत जात होता. पाचवी, स्लाइडची, ओपन डी जुळणीत (मोकळ्या तारा छेडल्या तरी डीचा स्वरमेळ उमटेल अशा जुळणीत) त्याच डीवर सुरू होत होती. दोन सेकंदांची नेहमीची फट ठेवून जोड ऐकला आणि पायाखालची जमीन किंचित खचल्यासारखे वाटले. मोजून पाहिले, तर दुसरा डी सुमारे 20 सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाने, उतरलेला होता: 73.4 हर्ट्झऐवजी 72.6. एकटीनेच वाजवायचे असल्यामुळे वादक बाईंनी ट्यूनर न लावता कानाने तारा जुळवल्या होत्या आणि त्यांचा ए स्वर, ज्यावरून बाकीचे स्वर जुळवतात तो, 435 हर्ट्झवर बसला होता. 1859 साली फ्रान्सने कायद्याने ठरवलेला स्वर नेमका हाच. 440 हर्ट्झला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे रूप विसाव्या शतकात आले. म्हणजे ती रचना बेसूर अजिबात नव्हती, फक्त शेजारणीपेक्षा वेगळ्या स्वरात लावलेली होती.

कालावधी तसाच ठेवून स्वर चढवणाऱ्या प्रक्रियेने काचेच्या घसरणीची धार बोथट होते, म्हणून मी वेगच 1.16 टक्क्यांनी वाढवला. 4 मिनिटे 50 सेकंदांची रचना तीन सेकंदांहून थोडी अधिक आखडली आणि जोड निर्दोष झाला. या कामाचा मला अभिमान वाटला, हे मान्य करतो. बाईंनी तो जोड तीनदा ऐकला आणि म्हणाल्या, “जोड आता कळतही नाही, पण अहो, हा हात माझा वाटत नाही. मी इतक्या घाईने काच उचलत नाही.” मी पुन्हा ऐकले. एका जागी काच तारेवरून सुटण्याआधी क्षणभर थरथरते; मूळ फाइलमध्ये ती थरथर सैल आणि निवांत होती, माझ्या फाइलमध्ये चिमटीत धरल्यासारखी. फरक एका टक्क्याचा, पण एकदा कळल्यावर कानाआड होईना.

क्रम बदलायला त्या तयार नव्हत्या आणि मीही आग्रह धरला नाही. शेवटी मूळ स्वर तसाच ठेवला, फट सहा सेकंदांची केली आणि तिचे शेवटचे दोन सेकंद कोरी शांतता न ठेवता स्लाइडच्या ध्वनिमुद्रणातल्या खोलीच्या सळसळीने भरले, जेणेकरून पहिला डी येण्याआधी आपण दुसऱ्या खोलीत आलो आहोत हे कानाला कळावे. जोड पुष्कळ सुसह्य झाला, परंतु स्ट्रीमिंगसाठी ती सळसळ पाचव्या फाइलच्या सुरुवातीलाच जोडावी लागली. आता जो थेट ती रचना लावील, त्याला आधी दोन सेकंद नुसती खोली ऐकू येईल, आणि जो हेडफोनवर सलग ऐकेल, त्याला स्वराचा उतार थोडा का होईना जाणवेलच. चढवलेल्या स्वराची फाइल मी अजून जपून ठेवली आहे. दोन्ही आलटून पालटून ऐकतो तेव्हा जोडापुरती माझी फाइल सरस वाटते, आणि काच तारेवर थरथरू लागली की मूळ.