दिवसा चालणारं, रात्री अडणारं लॉगिन

तक्रार अशी होती की उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवरचं रिमोट लॉगिन, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरणं, दिवसा होतं, रात्री होत नाही. सहकाऱ्याने सवयीने राउटर बंद-चालू करायला लावला होता. लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदी, न वाचता राउटरला हात घालणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

ते मशीन ज्यांचं, त्या मॅडमना मी विचारलं, "दिवसा त्या मशीनवर तुम्ही लॉगिन असता का?"

"हो, संध्याकाळी लॉगआउट करून निघते."

मग कोडं उरलं नाही. त्यांचं अख्खं होम फोल्डर (स्वतःच्या सगळ्या फाइलींचं) ईक्रिप्टएफएस या लिनक्सच्या सोयीने एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद केलेलं. लॉगिनचा पासवर्ड टाकला की पॅम (लॉगिन तपासणारी लिनक्सची यंत्रणा) त्यानेच रॅप्ड-पासफ्रेज, म्हणजे पासवर्डात गुंडाळलेली खरी किल्ली, उघडून फोल्डर माउंट करतं, म्हणजे वापरायला उघडतं, शेवटचं सेशन संपलं की अनमाउंट. आणि रिमोट लॉगिन करणाऱ्या एसएसएचची ऑथराइज्ड-कीज फाइल, म्हणजे पासवर्डाऐवजी चालणाऱ्या डिजिटल किल्ल्यांची (कीं'ची) यादी, त्याच फोल्डरात! रात्री फोल्डर बंद, तर यादीही दिसेना. ती होमबाहेर हलवून सर्व्हरला नवा पाथ दिला. लॉगिन झालं, पण आत मॅडमच्या फाइली नाहीत, सूचनांची रीडमी फाइल तेवढी. की वापरली की पासवर्ड पॅमकडे जातच नाही, मग ऑटो-माउंट होणार कसं? हाताने माउंट करून पासवर्ड द्यावाच लागतो.

रात्रीच्या बॅकअपसाठी सहकारी म्हणाला, पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून टाकू. मी साफ नकार दिला. मग एन्क्रिप्शन हवंय कशाला? बॅकअपला माउंट लागतच नाही. डॉट-प्रायव्हेट या लपलेल्या फोल्डरातल्या एन्क्रिप्टेड फाइली रूटने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) आहेत तशा उचलायच्या, सोबत रॅप्ड-पासफ्रेजची फाइल. रॅप्ड-पासफ्रेजच्या आतली ती खरी किल्ली, ३२ अक्षरी माउंट पासफ्रेज, मॅडमना कागदावर उतरवून घ्यायला लावला. हे पहिल्याच दिवशी कुणीतरी करायला हवं होतं.

मॅडमना दुसरीच धास्ती होती. दिवसभर सगळं उघडं राहतं, तर ऑटो-माउंट बंदच करा. ऑटो-माउंटची सेटिंग म्हणजे तशी एक रिकामी फाइल असते. ती आहे की नाही एवढंच पॅम बघतं, काढली की काम झालं. पण होमच बंद राहिलं तर डेस्कटॉपला लिहायला जागा नाही, पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन स्क्रीन परत समोर येते. म्हणून मी सुचवलं, होम साधं ठेवू, आत फक्त 'प्रायव्हेट' फोल्डर एन्क्रिप्ट करू आणि ते बनवतानाच 'नो-ऑटोमाउंट' देऊ. लागेल तेव्हा त्या उघडतील, काम झालं की बंद करतील.

त्यांना ते पटलंय. मला अजून पूर्ण पटलेलं नाही, कारण उघडलेल्या फोटोंच्या थंबनेल (छोट्या प्रतिमा), अलीकडच्या फाइलींची यादी, एडिटरच्या तात्पुरत्या प्रती, हे सगळं त्या फोल्डरबाहेर साध्या होममध्ये पडत राहणार. कुठला प्रोग्रॅम कुठे काय टाकतो याची यादी करतोय, ती होईपर्यंत जुनी रचना मोडलेली नाही.