ट्यून झाली का एकदाची

सकाळी चहा घेताना शेजारच्या खोलीतल्याने सहज विचारलं, काय गं, काल झाली का गिटार ट्यून एकदाची? आणि मी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. काल रात्री मी ट्यून करतच नव्हते, अख्खं गाणं वाजवत होते, दोन्ही कडवी, तीनदा.

टोमणा असता तर उलटं बोलता आलं असतं, पण त्याला खरंच तसं वाटलं होतं.

दिवसभर तण उपटताना डोक्यात तेच. कामाचं परत कधीतरी लिहीन, पक्ष्यांच्या घरट्यांची जागा थोडी मोकळी होतेय एवढं खरं. पण बोटं! तारांनी जेमतेम घट्टे पडतात आणि दिवसभर ओल्या मातीत हात घातला की ते मऊ होऊन सोलतात, परत पहिल्यापासून दुखणं. खाऱ्या हवेने तारा गंजतात, रोज पुसल्या तरी, आणि दमट हवेने लाकूड फुगून तारा इतक्या वर आल्यात की दाबायला दुप्पट जोर लागतो. घरी असते तर... जाऊ दे. एवढं करून रोज बसायचं आणि ऐकणाऱ्याला वाटणार ट्यूनिंग चाललंय. सहा आठवडे ट्यूनिंग!

म्हणून संध्याकाळी रागाने खरंच ट्यून करायला घेतली. फोनची बॅटरी सात टक्के, त्यावर ट्यूनर, पहिली तार, ई, ३३० हर्ट्झच्या जवळ आणता आणता टण्णकन तुटली. जादा तार नाही. पुढची बोट येणार ती समुद्र शांत होईल तेव्हा. थोडी रडले, तारेसाठी नाही बहुतेक.

मग चाळा म्हणून उरलेल्या पाचांवर हात फिरवला. छोट्या एफ कॉर्डला पहिल्या बोटाने पहिल्या दोन तारा एकदम दाबायच्या असतात, माझं सगळं घोडं तिथेच अडायचं. आता पहिलीच नाही म्हटल्यावर दुसरी तेवढी दाबायची. वाजला की! सीवरून एफ, एफवरून सी, न थांबता, वेड्यासारखी हसत बसले, म्हणजे तार तुटायचीच वाट बघायची होती तर.

भिंतीपलीकडून तो ओरडला, आत्ता झाली बघ ट्यून!

एक तार गेली की ताण कमी होऊन बाकीच्या सुरात जरा चढतात. पाचही चढलेल्या होत्या.

हो म्हटलं.