वर्कबेंचचा टॉप कशाचा करावा?

वर्कबेंचचा टॉप खराब होणार, हे धरूनच तो बनवायला हवा. ड्रिलचं बिट आरपार जातं, फेविकॉल सांडतो, पटाशी निसटते. महागातलं सागवान लावायचं आणि मग ओरखडे नकोत म्हणून त्यावर वर्तमानपत्र अंथरून काम करायचं, यात काही अर्थ नाही. घरगुती सुतारकामासाठी माझं मत पक्कं आहे: १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवून ३६ मिमीचा टॉप आणि त्यावर ३ मिमी हार्डबोर्ड, जो खराब झाला की बदलायचा.

तरी बाकीचे पर्याय पाहून घ्या, कारण काम वेगळं असेल तर उत्तरही बदलतं.

एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) प्लायपेक्षा सपाट असतो, पण आपल्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि एकदा फुगल्या की पुन्हा बसत नाहीत. कडेत स्क्रू मारला तर थर उकलतात. ८ × ४ फुटांची १८ मिमी शीट साधारण ४० किलोची. हे वजन बेंचला चांगलंच, पण खाली आधार कमी असेल तर याच वजनाने टॉप हळूहळू मध्ये झोल खातो. मुंबई-कोकणात वापरायचाच असेल तर एचडीएचएमआर (ओलाव्याला जास्त टिकणारा, जास्त घनतेचा बोर्ड) घ्या आणि कडा सील करा. पार्टिकल बोर्डाचा विचारही नको.

सागवान, बाभूळ, शिसम यांचं भरीव लाकूड उत्तम, पण ते रुंदीत हलतं. २ फूट रुंद सागवानी टॉपमधला ओलावा ५-६ टक्क्यांनी बदलला की रुंदी साधारण ४ ते ६ मिमीने कमीजास्त होते. म्हणून पुढची कड घट्ट बसवायची आणि मागच्या बाजूचे स्क्रू लांबट भोकांतून घ्यायचे. चारही बाजूंनी आवळलं तर उन्हाळ्यात फळी फाटते. बाभूळ भरपूर कठीण आणि मार खाणारी, पण नीट वाळलेली मिळणं अवघड, आणि पांढऱ्या भागाला कीड लवकर लागते.

जुन्या बाजारातला भरीव फ्लश डोअर (दोन्ही बाजूंनी सपाट दरवाजा) हा फारसं कुणी वापरत नाही असा चांगला पर्याय. ३० ते ३५ मिमी जाडीचा दरवाजा मिळतो. घेताना सगळीकडे टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर सोडून द्या, वाईसचे (बेंचला बसवायच्या शिकंज्याचे) बोल्ट त्यात धरत नाहीत.

सनमायकावर वाळलेला फेविकॉल सहज निघतो, म्हणून तो अनेकांना आवडतो. पण त्यावर लाकूड घसरतं आणि रंधा मारताना ते फार जाणवतं. एकाच बाजूला लावला तर बोर्ड वाकतो. खालच्या बाजूलाही तेवढाच थर हवा.

वेल्डिंग आणि फिटिंगसाठी मात्र लोखंडी प्लेटच. ३ मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट चौरस मीटरला सुमारे साडेतेवीस किलो भरते. गॅल्वनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग करू नका, जस्ताचा धूर घातक असतो. ज्यांचं मुख्य काम सोल्डरिंगचं आहे त्यांनी धातूच्या टॉपपासून लांब राहावं, चालू सर्किट शॉर्ट होतं. कडप्पा आणि ग्रॅनाइट स्वस्तात पडले तरी ठोकाठोकीत तडकतात.

आता प्लायकडे. दुकानात एमआर (ओलाव्याला टिकणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) अशी नावं ऐकू येतील. एमआरमध्ये युरियाचं रेझिन असतं, बीडब्ल्यूआरमध्ये फिनॉलचं. नुसत्या रंगावर किंवा शिक्क्यावर जाऊ नका. एक छोटा तुकडा मागून घ्या आणि दोन-तीन तास पाण्यात उकळा. थर सुटले तर तो माल नको. मरीन प्लायवर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक असतो, पण घरातल्या बेंचला इतक्या खर्चाची गरज नाही.

६ × २ फुटांच्या टॉपला एक ८ × ४ शीट पुरते. लांबीत मधोमध कापून २ फुटांच्या दोन पट्ट्या, मग प्रत्येकीतून ६ फूट. उरलेले २ × २ चे दोन तुकडे खालच्या फळीला कामी येतात. करवतीच्या जाडीमुळे रुंदी दोन-तीन मिमी कमी भरते, हे लक्षात ठेवून फ्रेमचं माप नंतर घ्या.

सगळा खेळ चिकटवण्यात आहे. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: दोन थर नुसते एकावर एक ठेवून स्क्रू मारले तर ताठपणा जेमतेम दुप्पट होतो, पूर्ण चिकटले तर आठपट. म्हणून थेंब थेंब टाकून चालत नाही. बारा चौरस फुटांना साधारण पाव किलो फेविकॉल, दातेरी पट्टीने कडेपर्यंत पसरलेला. आधी दोन्ही पट्ट्यांचा बाक बघा आणि फुगीर बाजू समोरासमोर ठेवा, म्हणजे एकीचा बाक दुसरी खेचून घेते. जमीन सपाट आहे का ते दोरी ताणून तपासा, कारण टॉप ज्यावर सुकतो तोच आकार घेतो.

दाब देण्यासाठी इतके शिकंजे घरात नसतात, म्हणून ३० मिमीचे स्क्रू खालच्या बाजूला येणाऱ्या थरातून, दर ८ इंचांवर. त्या थरात आधी स्क्रूपेक्षा किंचित मोठं भोक पाडा. हे टाळलं तर स्क्रूचे आटे दोन्ही थरांत धरतात आणि मधली फट तशीच राहते. बहुतेक टॉप नंतर आत पोकळ वाजतात ते यामुळेच. सुरुवात मध्यापासून करून बाहेर जा. उन्हाळ्यात फेविकॉल दहा मिनिटांच्या आत धरू लागतो, तेव्हा भोकं आधीच तयार ठेवा. २४ तासांनी स्क्रू काढून टाकले तरी चालतात, आणि डॉगची (काम अडवून धरायला टॉपमध्ये बसवायच्या खुंट्यांची) भोकं पाडायची असतील तर काढाच. बिट स्क्रूवर आदळलं की धार गेली. डॉगसाठी १९ मिमी भोक चालतं, पण ३६ मिमी जाडीत होल्डफास्ट (भोकात ठोकून लाकूड दाबून धरणारा लोखंडी आकडा) नीट पकड घेत नाही. त्या भोकांच्या ओळीपुरता खाली आणखी एक प्लायचा तुकडा चिकटवा.

फ्रेमवर दर २ फुटांना एक आडवा आधार द्या.

कडेला सागवानी पट्टी ३९ मिमी उंचीची, म्हणजे प्लाय आणि हार्डबोर्ड दोन्ही झाकले जातात. पट्टी हार्डबोर्डपेक्षा वर येता कामा नये, नाहीतर मोठी फळी तिच्यावर डुगडुगते. हार्डबोर्ड चिकटवायचा नाही, चौकटीत नुसता बसवायचा. टॉपच्या एका कोपऱ्यात खालून वर प्लायला एक इंची भोक ठेवा. शीट बदलताना त्यातून बोटाने ढकलली की वर येते. बसवताना चारी बाजूंनी एकेक मिमी जागा सोडा. दमट हवेत ती फुगते आणि जागा नसेल तर मधोमध उचलली जाते.

वर मेण चोळा, म्हणजे फेविकॉलचे थेंब पटाशीने उडतात. उकळलेलं जवसाचं तेल लावणार असाल तर पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून सुकवा.