घराची ऊब कुठून निसटते?

हिवाळ्यात घरून फोन आला की काळजी ठरलेली असते: तिकडे उणे पाच आहे म्हणे, हीटर रात्रंदिवस चालू ठेवता ना? मी जर्मनीत डार्मश्टाटला राहते आणि याचं उत्तर द्यायला मला फोनवर वेळ पुरत नाही. घर उबदार राहतं की नाही, हे हीटरपेक्षा भिंत, छत आणि खिडकीच्या चौकटी ठरवतात. आमच्या इमारतीला उष्णतारोधक थर बसवायचं काम डोळ्यांसमोर झालं, तेव्हापासून मी या विषयात पुरती बुडाले आहे.

आमची इमारत साठच्या दशकातली. 1973 च्या तेलसंकटाने जर्मनीला हादरा दिला आणि 1977 मध्ये घरांच्या उष्णतारोधनाचा पहिला नियम आला. त्याआधी बांधलेल्या इमारतींच्या भिंती म्हणजे विटा आणि गिलावा, बस्स. अशा घराला वर्षाकाठी दर चौरस मीटरमागे 200 युनिट उष्णता सहज लागते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच, किलोवॅट-तास. 2022 मध्ये गॅस महागला, सरकारी कार्यालयांत 19 अंशांच्या वर तापमान नको असा नियम निघाला, आणि आमच्या इमारतीतल्या फ्लॅटमालकांनी वर्षानुवर्षं रखडलेला विषय एकदाचा बैठकीत मंजूर केला.

काम सुरू होण्याआधी एक चाचणी झाली. ती प्रत्येकाने एकदा तरी बघावी. मुख्य दाराच्या चौकटीत कापड ताणून बसवलं आणि त्यात मोठा पंखा. पंखा आतली हवा बाहेर ओढतो, आत-बाहेर हवेच्या दाबात 50 पास्कलचा फरक पडला की घरातली प्रत्येक फट बोलायला लागते. तपासनीस बाई माझा हात धरून खिडकीवरच्या शटरच्या पेटीजवळ घेऊन गेल्या. बोटांवर बर्फगार झोत! बाहेरच्या भिंतीतल्या प्लगच्या भोकांतूनही हवा येत होती. त्यांच्या हातातल्या नळीतून धुराची बारीक रेघ निघायची, ती फटीपाशी आली की एकदम आडवी व्हायची. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि तरी गरम केलेली हवा रात्रभर अशी निसटत होती.

फटी बुजवणं हे सगळ्यात स्वस्त काम. त्यानंतर वरचा माळा आणि तळघराचं छत. तळघराच्या छताला खालून बोर्ड चिकटवले की तळमजल्यावरच्यांचे पाय गारठायचे थांबतात, आणि त्याला परांची बांधावी लागत नाही. भिंतींवर बाहेरून 16 सेंटिमीटर जाडीची खनिज लोकर बसवली, वर जाळी आणि गिलावा. हे साहित्य हलकं असतं, पण त्याचा एक सेंटिमीटर जाड थर उष्णता अडवण्यात साधारण 20 सेंटिमीटर भरीव विटांच्या भिंतीला भारी पडतो. त्यात अडकलेली स्थिर हवा हे काम करते.

एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीने सांगते, कारण इथे येणारी आपली कितीतरी कुटुंबं यात सापडतात. जुन्या घराला नुसत्या नव्या, घट्ट खिडक्या लावल्या आणि भिंती तशाच थंड ठेवल्या, तर कोपऱ्यांत बुरशी धरते. पूर्वी फटींतून जाणारी वाफ आता घरातच कोंडते. खोलीत 20 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असताना भिंतीचा पृष्ठभाग साडेबारा अंशांच्या खाली गेला की बुरशीला आयतं घर मिळतं. त्यात आपला स्वयंपाक म्हणजे कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, शिवाय घरातच वाळत घातलेले कपडे. खिडकी दिवसभर थोडीशी तिरकी उघडी ठेवणं हा उपाय नव्हे. त्याने खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि बुरशीचं फावतं. दिवसातून तीन-चार वेळा, हीटर बंद करून, समोरासमोरच्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघडायच्या. ओली हवा जाते, भिंती गरमच राहतात.

जिना आणि बाल्कनी हे अजून दुखणं आहे. आतला स्लॅब सलग बाहेर बाल्कनीत गेला की त्या काँक्रीटमधून उष्णता वाहत राहते. नव्या बांधकामात मध्ये रोधक तुकडा घालून स्लॅब तोडतात. जुन्यात तो इलाज नाही, फार तर बाल्कनी वरून-खालून गुंडाळता येते.

आमच्याच शहरात क्रानिशश्टाइन भागात चार घरांची एक रांग आहे, 1991 पासून लोक राहतात तिथे. वोल्फगांग फाइस्ट या भौतिकशास्त्रज्ञाने स्वीडनच्या बो आदामसोन यांच्याबरोबर मांडलेली ‘पॅसिव्ह हाउस’ची कल्पना तिथे पहिल्यांदा प्रत्यक्षात उतरली. भिंतींवर सुमारे 27 सेंटिमीटर रोधक थर, तीन काचांच्या खिडक्या, आणि बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र. या प्रकारच्या घराला गरम ठेवायला वर्षाला चौरस मीटरमागे 15 युनिटांपेक्षा जास्त लागू नयेत असा दंडक आहे. दहा बाय दहाच्या खोलीचा हिशेब केला तर वर्षाला जेमतेम 140 युनिट. आमच्या जुन्या घराच्या हिशेबाने तीच खोली साडेअठराशे खाते. उरलेली ऊब दक्षिणेच्या खिडक्यांतलं ऊन, फ्रिज आणि माणसंच पुरवतात. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा शंभरेक वॉट उष्णता देतो. हे सगळं कागदावरचं नाही, पंचवीस वर्षांनी तपासलं तेव्हाही ती घरं तशीच चोख निघाली.

माझा धाकटा भाऊ संभाजीनगरला घर बांधतोय. त्याला मी हेच उलट बाजूने सांगितलं. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही छत धगधगतं, कारण स्लॅब दिवसभर ऊन पितो. आतून फॉल्स सीलिंग लावल्याने स्लॅब तापायचा राहत नाही. थर वरूनच हवा. आपल्याकडच्या 2018 च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छताचा उष्णता-पारगमनांक (छतातून किती उष्णता आरपार जाते त्याचं माप) 1.2 पेक्षा जास्त नको असं म्हटलंय. नुसता काँक्रीटचा स्लॅब त्याच्या जवळपासही जात नाही, पण पाच सेंटिमीटरचा एक्सपीएस, म्हणजे घट्ट फोमचा उष्णतारोधक, बोर्ड घातला तर ही मर्यादा आरामात गाठता येते. वॉटरप्रूफिंग करतानाच बोर्ड, त्यावर कोबा, वर पांढरा चायना मोझॅक. गच्चीचं काम एकदा उरकलं की हे सगळं परत उकरावं लागतं, म्हणून ठेकेदाराशी आत्ताच बोल, असं त्याला बजावलंय. पश्चिमेच्या भिंतीचं काय करायचं, यावर आमची चर्चा अजून चालू आहे. तिथे मला आधी खिडक्यांवर रुंद छज्जे हवेत आणि त्याला दर्शनी बाजू सपाट हवी आहे.