पहिल्या सहांत असणे आणि वरच्या जागी असणे

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा साखळी टप्पा शेवटच्या महिन्यात आला, की अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलातून बाहेर पडणारे मुंबई सिटीचे चाहते आझाद नगर मेट्रो स्थानकाकडे चालता चालता हिशेब मांडू लागत. ओडिशाचे किती सामने उरले, जमशेदपूर कोणाशी खेळणार, पंजाबने कोणाला अडवले तर आपला फायदा होईल, अशी चर्चा स्थानकाच्या जिन्यापर्यंत चाले आणि शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबे : आपण पहिल्या सहांत येतो ना? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. सहांत येणे आवश्यक होतेच, पण सहांपैकी कितव्या जागी येतो यावर पुढच्या सगळ्या वाटचालीचे स्वरूप ठरत असे, आणि मुंबईच्या संघाने हे २०२२-२३ ते २०२४-२५ या हंगामांत चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे.

पद्धत आधी सांगतो, कारण मैदानावर नियमित येणाऱ्यांमध्येही तिच्याबद्दल गोंधळ आढळतो. २०२१-२२ पर्यंत तालिकेतील पहिले चार संघ थेट उपांत्य फेरीत जात. २०२२-२३ ते २०२४-२५ या हंगामांत सहा संघांना प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद टप्प्यात, जागा मिळाली. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत गेले, आणि उरलेल्या चौघांमध्ये तिसऱ्याची सहाव्याशी व चौथ्याची पाचव्याशी एकेका सामन्याची बाद फेरी झाली. हा सामना वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर होत असे आणि परतीची लढत नसे. म्हणजे पहिल्या दोघांना एक पायरी कमी चढावी लागे, तिसऱ्या-चौथ्याला ती पायरी आपल्या प्रेक्षकांसमोर चढता येई, आणि पाचव्या-सहाव्याला ती दुसऱ्याच्या अंगणात चढावी लागे. एकाच तालिकेतल्या सहा जागांचे हे तीन वेगवेगळे दर्जे होते.

२०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ या तीन हंगामांत अशा सहा बाद लढती झाल्या आणि त्यांपैकी पाच यजमान संघाने जिंकल्या. अपवाद एकच : मार्च २०२५ मध्ये चौथ्या क्रमांकाच्या नॉर्थईस्ट युनायटेडला शिलाँगमध्ये जमशेदपूरने २-० असे हरवले. सहाव्या क्रमांकावर आलेले तिन्ही संघ, म्हणजे ओडिशा, चेन्नईयिन आणि मुंबई सिटी, पहिल्याच अडथळ्यावर बाद झाले. सहा लढतींवरून नियम सिद्ध होत नाही हे मान्य आहे, परंतु ज्या संघाला हंगामाच्या शेवटी सहावी जागा मिळवण्यात समाधान वाटते, त्याने हे आकडे डोळ्यांसमोर ठेवायला हवेत.

मला सर्वांत जास्त बोलावेसे वाटते ते २०२४-२५ या हंगामाबद्दल. मुंबईचा शेवटचा साखळी सामना ११ मार्च २०२५ रोजी बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर होता. मुंबईचे ३३ गुण झाले होते, ओडिशाचेही ३३ होते आणि त्यांचे सामने संपले होते, त्यामुळे एक गुण मिळाला असता तरी सहावी जागा नक्की होणार होती. प्रशिक्षक पेत्र क्रात्की यांच्या संघाने एका गुणावर समाधान न मानता सामना २-० असा जिंकला, आणि त्या रात्री मुंबईतल्या चाहत्यांनी जो आनंद व्यक्त केला तो रास्तच होता. मात्र त्या आनंदात एक गोष्ट झाकली गेली. अंतिम तालिकेत बंगळुरू, नॉर्थईस्ट आणि जमशेदपूर या तिघांचेही ३८ गुण होते आणि मुंबईचे ३६. तिसरी जागा आणि सहावी जागा यांच्यात अंतर होते ते अवघ्या दोन गुणांचे.

हे दोन गुण ११ मार्चला मिळण्यासारखे नव्हते. बंगळुरूचे ३८ गुण तोवर झालेले होते आणि मुंबईला विजयानंतरही ३६ च्या पुढे जाता येणार नव्हते, त्यामुळे त्या रात्री तिसरी जागा पणाला लागलेलीच नव्हती. ती हंगामभर थोडी थोडी निसटत गेली होती. मुंबईने २४ सामन्यांत ९ विजय, ९ बरोबरी आणि ६ पराभव अशी कामगिरी केली. या नऊ बरोबरींपैकी दोन जरी विजयात बदलल्या असत्या तरी ४० गुण झाले असते आणि मार्चअखेरची बाद लढत अंधेरीत झाली असती. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात कोलकात्याला मोहन बागानविरुद्ध दोन गोलांनी मागे पडून २-२ अशी साधलेली बरोबरी अर्थातच कमाईची होती, आणि तिला मी या यादीत दोष देणार नाही. प्रत्येक बरोबरी सारखी नसते. परंतु जिंकता येण्यासारखा सामना बरोबरीत सुटणे, आणि मग ‘निदान हरलो तरी नाही’ असे म्हणत घरी जाणे, हे त्या हंगामात इतके सवयीचे झाले होते, की त्याची किंमत मार्चमध्ये मोजावी लागेल हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फारसे कोणी बोलत नव्हते.

किंमत मोजावी लागली ती २९ मार्चला. तेच कांतीरवा, समोर तेच बंगळुरू, फक्त अठरा दिवसांचे अंतर, आणि निकाल ५-०. सुरेश वांगजामने सुरुवातीलाच गोल केला, उत्तरार्धात सामना पूर्णपणे एकतर्फी झाला, सुनील छेत्रीनेही गोल केला, आणि शेवटचा गोल होर्खे परेरा दियाझचा होता, ज्याने वर्षभरापूर्वी मुंबईच्या जर्सीत अंतिम सामन्यात गोल केला होता. हा सामना अंधेरीत झाला असता तर मुंबई नक्की जिंकली असती असा दावा मी करत नाही, कारण त्या दिवशी बंगळुरूचा खेळ कुठल्याही मैदानावर भारी पडला असता. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या संघाने त्याच महिन्यात त्याच प्रतिस्पर्ध्याला हरवून दाखवले होते, त्याला ती लढत आपल्या लोकांसमोर खेळण्याची संधी दोन गुणांनी हुकली.

या हुकण्याची आणखी एक बाजू आहे आणि ती मला व्यक्तिशः अधिक लागते. सहाव्या जागेवरून बाद झालेल्या संघाच्या शहरात प्लेऑफचा एकही सामना होत नसे. अंधेरीचे मैदान लहान आहे, पण वेस्ट कोस्ट ब्रिगेड या मुंबईच्या चाहत्यांच्या गटाचे ढोल सुरू झाले की ते पूर्ण भरल्यासारखे वाटते. या शहरात क्रिकेटसमोर फुटबॉलला आधीच मोजकी जागा आहे. आयपीएल सुरू होण्याच्या सुमारास मुंबईत फुटबॉलचा एक मोठा, बाद पद्धतीचा सामना झाला, तर जे कधी मैदानावर फिरकले नाहीत असे लोकही येतात. कूपरेजवर रोव्हर्स चषकाच्या सामन्यांना जाणाऱ्या पिढीकडून आम्ही ऐकत आलो, की बाद फेरीच्या लढतींना येणारा प्रेक्षक वेगळा असतो. तो प्रेक्षक २०२५ मध्ये मुंबईला मिळालाच नाही.

याउलट २०२३-२४ पाहा. १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मुंबईला शील्डसाठी, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाच्या मानासाठी, बरोबरी पुरेशी होती, पण मोहन बागानने २-१ असा विजय मिळवला आणि ४८ विरुद्ध ४७ गुणांनी शील्ड नेली. त्या रात्री बऱ्याच जणांना सगळे संपल्यासारखे वाटले. तरीही ४७ गुणांनी मुंबईला दुसरी जागा मिळाली होती आणि गोवा ४५ गुणांसह तिसरा होता. येथेही अंतर दोनच गुणांचे, फक्त या वेळी ते आपल्या बाजूचे. या दोन गुणांमुळे गोव्याला २० एप्रिलला आपल्या घरच्या मैदानावर, फातोर्ड्यात, चेन्नईयिनविरुद्ध बाद लढत खेळावी लागली आणि मुंबईला विश्रांती मिळाली. २४ तारखेला फातोर्ड्यातच झालेल्या उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० असा पुढे होता. त्यानंतरच्या काही मिनिटांत लालियनझुआला छांगते, विक्रम प्रताप सिंग आणि पुन्हा छांगते यांनी गोल केले आणि मुंबईने सामना ३-२ असा जिंकला. तीन गोल केवळ समोरच्याच्या थकव्यामुळे होत नाहीत, त्यासाठी शेवटपर्यंत धावणारे आघाडीपटू लागतात. पण चार दिवसांपूर्वी पूर्ण ताकदीने बाद लढत खेळलेला संघ आणि नऊ दिवस ताजातवाना झालेला संघ यांच्यात शेवटच्या दहा मिनिटांत फरक पडत नाही, असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. परतीचा सामना अंधेरीत झाला, मुंबईने तो २-० असा जिंकला, आणि ४ मे रोजी मोहन बागानला त्यांच्याच घरी ३-१ असे हरवून चषक आणला.

माझ्या या मांडणीला सर्वांत मोठा आक्षेप २०२२-२३ चा आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. त्या हंगामात मुंबईने पहिले १८ सामने अपराजित राहून ४६ गुण मिळवले आणि दोन सामने शिल्लक असतानाच, फातोर्ड्यात गोव्याला ५-३ असे हरवून, शील्ड निश्चित केली. त्यानंतरचे बंगळुरू आणि ईस्ट बंगालविरुद्धचे दोन्ही सामने मुंबईने गमावले, आणि उपांत्य फेरीत चौथ्या क्रमांकावरून आलेल्या बंगळुरूने पेनल्टींवर ९-८ असे बाहेर काढले. दुसऱ्या क्रमांकाचा हैदराबादही त्याच फेरीत हरला आणि अंतिम सामना तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाच्या संघांमध्ये झाला. मग वरच्या जागेला काय अर्थ उरतो, असे त्या वेळी अनेकांनी विचारले.

उत्तर त्या वर्षीच्या कार्यक्रमात आहे असे मला वाटते. मुंबईचा उपांत्य फेरीचा पहिला सामना ७ मार्चला अंधेरीत झाला आणि दुसरा १२ मार्चला कांतीरवावर. हैदराबादचीही तीच गत झाली : पहिला सामना घरी, गचीबावलीत, आणि निर्णायक सामना कोलकात्यात. दोन्ही लढती पेनल्टींपर्यंत गेल्या आणि दोन्ही पेनल्टी खालच्या क्रमांकाच्या संघाच्या प्रेक्षकांसमोर मारल्या गेल्या. दोन सामन्यांच्या लढतीत घरच्या मैदानाचा खरा फायदा दुसऱ्या सामन्यात असतो, कारण जादा वेळ आणि पेनल्टी तेथे होतात आणि आपल्याला नेमके किती गोल हवे आहेत हे तेथे ठाऊक असते. पुढच्या दोन हंगामांत वरच्या संघाला परतीचा सामना घरी मिळाला. त्या चार लढतींपैकी तीन वरच्या संघाने जिंकल्या. मोहन बागानने २०२५ मध्ये जमशेदपूरविरुद्धची पहिल्या सामन्यातील पिछाडी सॉल्ट लेकवर भरून काढली, आणि भरपाई वेळेतला तो निर्णायक गोल पूर्वी मुंबईकडून खेळलेल्या अपुयाचा होता. हरला तो गोवा, तोही छेत्रीच्या शेवटच्या क्षणीच्या हेडरवर. त्यामुळे २०२२-२३ मधला दोष मी वरच्या जागेला देत नाही, वरच्या संघाला परतीचा सामना दुसऱ्याच्या घरी खेळायला लावणाऱ्या कार्यक्रमाला देतो.

क्रिकेटवर प्रेम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे समजावताना मी मुंबई इंडियन्सचे उदाहरण देतो. त्यांनी २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे मिळवली आणि पाचही वेळा साखळीत ते पहिल्या दोनांत होते. आयपीएलमध्ये पहिल्या दोघांना हरल्यावर आणखी एक संधी असते, फुटबॉलमध्ये तशी नसते, हा फरक मोठा आहे. तरीही ‘प्लेऑफला पोहोचलो’ आणि ‘पहिल्या दोनांत पोहोचलो’ यांतले अंतर या शहराला क्रिकेटमध्ये नीट कळते आणि फुटबॉलमध्ये ते अजून अंगवळणी पडलेले नाही.

शेवटच्या पाच-सहा सामन्यांत तालिका पाहताना मी म्हणून तीन गोष्टी पाहतो. आपल्या वरच्या दोन संघांशी असलेले अंतर मी खालच्या संघाशी असलेल्या अंतराआधी पाहतो. त्यांच्याशी या हंगामात झालेल्या लढतींचे निकाल लक्षात ठेवतो, कारण समान गुण झाल्यास या स्पर्धेत आधी परस्परांतील निकाल पाहिले जात आले आहेत. २०२०-२१ मध्ये मुंबई आणि एटीके मोहन बागान (मोहन बागानचे तेव्हाचे नाव) यांचे प्रत्येकी ४० गुण झाले, आणि दोन्ही लढती जिंकलेल्या मुंबईला शील्ड मिळाली. शेवटच्या दिवशी २-० असा तो विजय मिळवताना मुर्तदा फॉल आणि ओगबेचे यांनी केलेले गोल जितके महत्त्वाचे होते, तितकाच जानेवारीतला १-० हा विजयही होता, ज्याची त्या वेळी फारशी चर्चा झाली नव्हती. आणि तिसरी गोष्ट म्हणजे प्रशिक्षक सत्तराव्या मिनिटाला, बरोबरी असताना, कोणता बदल करतो. ०-० असताना आणखी एक मध्यरक्षक आत आला, तर संघ एका गुणाचा विचार करत आहे. आघाडीपटू आला, तर तो वरच्या जागेचा विचार करत आहे, आणि अशा सामन्यात उशिरा गोल खाऊन आपण हरलो तरी मी त्या प्रशिक्षकाच्या बाजूने बोलेन.